फोटोतलं जास्तीचं माणूस

भाद्रपद सरला की या सदराच्या टपालात भुतांच्या फोटोंची भरती येते. यंदा वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंतची पत्रं आहेत. पत्रलेखकांची नावं गाळून फक्त गावं ठेवली आहेत. उत्तरं काही ठिकाणी लांबली आहेत, कारण प्रश्नच तसे होते.

प्रश्न : सर्वपित्रीला दुपारी वाडी दाखवली. तिन्हीसांजेला पाऊस भुरभुरत असताना अंगणात सगळ्यांचा मोबाईलवर फ्लॅश मारून फोटो काढला, तर त्यात तेरा-चौदा पांढरे गोळे आले. एका गोळ्यात चेहरा दिसतो. सासूबाई म्हणतात, "पितरच आसत, फोटो पुसू नको." नक्की काय आहे हे? (वेंगुर्ले)

फोटो पुसू नका, सासूबाईंचं तेवढं ऐका. गोळे मात्र पावसाचे आहेत.

मोबाईलचा फ्लॅश लेन्सपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटरवर असतो. लेन्ससमोर वीत-दीड वीत अंतरात जो थेंब तरंगत असतो, त्याच्यावर हा उजेड आदळून जवळजवळ सरळ लेन्समध्ये परततो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, हा हिशोब इथे लावून पाहा. माणसं दोन मीटरवर उभी आणि थेंब दहा सेंटिमीटरवर. थेंब वीसपट जवळ, म्हणून त्याच्यावर पडणारा उजेड चारशेपट. इतक्या जवळ फोकस पोचत नाही, त्यामुळे तो ठिपका पसरून चकती होतो, आणि चकतीला आकार येतो लेन्सच्या तोंडाचा, म्हणजे गोल. जुन्या कॅमेऱ्यावर फ्लॅशगन लेन्सच्या वीतभर वर बसायची. म्हणून आजोबांच्या अल्बमात पितर गोळ्यांच्या रूपात येत नाहीत. फ्लॅश लेन्सला चिकटलेले छोटे डिजिटल कॅमेरे घरोघरी आले आणि मग गोळेही घरोघरी आले.

पडताळा घरीच होतो. कोरड्या रात्री, त्याच अंगणात, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घ्या. मोबाईलच्या पुढे हातभर अंतरावर दोन फवारे उडवा आणि लगेच फ्लॅशसकट फोटो काढा. मग फ्लॅश बंद करून दुसऱ्याला एक मीटर बाजूला उभं करा, त्याच्या हातात टॉर्च द्या आणि पुन्हा फवारा मारून काढा. पहिल्यात गोळ्यांची जत्रा दिसेल, दुसऱ्यात एखाददुसरा किंवा एकही नाही. फवारा मारल्यावर पाच-सहा सेकंद थांबलात तर थेंब खाली बसतात आणि प्रयोग फसतो. हवेत धूळ, चुलीचा धूर किंवा पाखरं असली तरी गोळे येतात. धूर दाट असला तर गोळ्यांऐवजी पांढरे पदर दिसतात, ते आणखी भीतीदायक.

एकच डाग प्रत्येक फोटोत त्याच जागी येत असेल तर तो हवेतला नाही, लेन्सवरचा आहे. किनाऱ्यावर बहुधा खाऱ्या वाऱ्याचा थर असतो. कोरड्या फडक्याने घासू नका, वाळूचा कण असेल तर ओरखडा जातो. आधी ओलसर मऊ कापड, मग कोरडं.

चेहऱ्याचं म्हणाल, तर दोन काळसर ठिपके आणि खाली एक रेघ एवढं दिसलं की माणसाचा मेंदू चेहरा पुरा करतो. ढगात गणपती दिसतो तो असाच. पण तो चेहरा *कोणाचा*, हे ज्याच्या त्याच्या मनात असतं. या विषयाची सगळी मेख तिथेच आहे.

प्रश्न : जगातला पहिला भुताचा फोटो कोणी काढला? आणि त्या काळचे शिकलेसवरलेले लोक त्याला भुलले कसे? (रत्नागिरी)

गंमत म्हणून काढलेला भुताचा फोटो आधी आला, धंदा नंतर. स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ सर डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८५६ मध्येच कृती छापली होती: फोटो घेताना एका माणसाला काही सेकंद उभं करा, मग बाजूला काढा, तो पारदर्शक उमटेल. त्याच सुमारास लंडनच्या एका कंपनीने दोन डोळ्यांच्या यंत्रातून बघायची भुतांची कार्डं करमणूक म्हणून विकली. कोणी त्यांना खरं मानलं नाही, कारण विकणाराच खेळ म्हणून विकत होता.

धंदा सुरू केला विल्यम ममलर याने. हा बॉस्टनचा नक्षीकाम करणारा कारागीर, फोटोग्राफी त्याचा फावल्या वेळचा नाद. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने स्वतःचा फोटो घेतला, त्यात शेजारी एक धूसर मुलगी उमटली. ती आपली वारलेली चुलत बहीण, असं तो सांगू लागला. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध पेटलेलं होतं, घराघरातून तरुण मुलं गेलेली. ममलरकडे रांग लागली. साध्या फोटोच्या कितीतरी पट, दहा डॉलरपर्यंत तो घेई, आणि भूत येईलच अशी हमीही देत नसे. ही हमी न देणं फार हुशारीचं होतं. दोनदा कोरा फोटो आला की तिसऱ्या खेपेला जे येईल ते गिऱ्हाईक घट्ट धरून ठेवी.

पुढे त्याच्या फोटोत भूत म्हणून आलेली व्यक्ती बॉस्टनमध्येच हिंडताफिरताना आढळली आणि बोभाटा झाला. तो न्यूयॉर्कला गेला. तिथे १८६९ मध्ये फसवणुकीचा खटला उभा राहिला. सर्कस आणि चमत्कारांचा व्यापार करून गबर झालेला पी. टी. बार्नम त्याच्याविरुद्ध साक्षीला आला. त्याने बोगार्डस नावाच्या फोटोग्राफरकडून स्वतःच्या मागे अब्राहम लिंकनचं भूत असलेला फोटो मुद्दाम करवून घेतला होता, किती सोपं आहे ते दाखवायला. न्यायाधीश म्हणाले, लबाडी आहे अशी माझी खात्री आहे, पण ती कशी केली हे फिर्यादी पक्षाने सिद्ध केलेलं नाही. ममलर सुटला. नंतर, १८७२ च्या सुमारास, लिंकनची विधवा मेरी टॉड हिने त्याच्यापुढे बसून फोटो काढला. काळ्या पोशाखातल्या मेरीच्या खांद्यांवर मागून फिकट हात ठेवून उभा असलेला लिंकन, हे चित्र आजही सगळीकडे फिरतं.

पॅरिसच्या एदुआर ब्यूगेचं प्रकरण याहून बोलकं आहे. १८७५ मध्ये पोलिसांनी त्याच्या स्टुडिओवर छापा घातला, तेव्हा जाळीदार कापडात गुंडाळायच्या बाहुल्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेली डोकी सापडली. त्याने कोर्टात सरळ कबुली दिली. साक्षीदारांना ती डोकी दाखवली. आणि साक्षीदार काय म्हणाले? तो आता खोटं बोलतोय, फोटोत माझीच माणसं होती, मी ओळखली. ब्यूगेला एक वर्ष कैद आणि ५०० फ्रँक दंड झाला, पण गिऱ्हाइकांचा विश्वास काही ढळला नाही.

इंग्लंडमध्ये क्रू गावचा विल्यम होप १९०५ च्या सुमारास सुरू झाला आणि पहिल्या महायुद्धानंतर त्याची चलती झाली. ज्या मुलांची प्रेतंसुद्धा परत आली नाहीत, त्यांचे आईबाप त्याच्याकडे येत. १९२२ मध्ये हॅरी प्राइस या तपासनिसाने सापळा लावला. होपचे फोटो काचेवर उतरत. त्या काचा बनवणाऱ्या कंपनीने काचांच्या पुड्यावर क्ष-किरणांनी आपला सिंहाचा छाप गुप्तपणे उठवून ठेवला. काच धुतली की तो दिसायलाच हवा. होपने भूत काढून दिलं, पण त्या काचेवर सिंह नव्हता. काच बदलली होती. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल तरीही होपच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा मुलगा आणि भाऊ युद्ध संपण्याच्या सुमारास साथीत गेले होते. एडा डीन या बाईने युद्धविरामदिनी लंडनच्या स्मारकापुढच्या गर्दीवर तरंगणारे सैनिकांचे चेहरे काढले, तर १९२४ मध्ये एका दैनिकाने दाखवून दिलं की त्यातले चेहरे जिवंत फुटबॉलपटूंचे आणि मुष्टियोद्ध्याचे आहेत. त्याही चेहऱ्यांत लोकांनी आपली मुलं ओळखली होती.

हुशार माणसं भुलली याला आणखी एक कारण होतं. १८९५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ राँटगेनने क्ष-किरणांनी हाताची हाडं काचेवर उतरवली. पुढच्याच वर्षी फ्रेंच शास्त्रज्ञ बेकरेलच्या खणात युरेनियमच्या क्षारांखाली ठेवलेली काच अंधारात आपोआप काळवंडली. डोळ्याला न दिसणारं काचेला दिसतं, हे खरंच ठरलं होतं. मग गेलेलं माणूस का दिसू नये, हा तर्क तेव्हा वेडगळ वाटत नसे.

धंद्यातले लोक भुताला भूत म्हणत नसत. त्यांचा शब्द होता 'एक्स्ट्रा', जास्तीचा.

प्रश्न : माळ्यावरच्या पेटीत आजोबांच्या काळच्या काचेच्या निगेटिव्ह सापडल्या. एका काचेवर घरातल्या मंडळींमागे अर्धवट दुसरं माणूस आहे. हा बनाव की चूक? आणि काचा टिकवायच्या कशा? (मालवण)

बहुधा चूक. त्या काळच्या लाकडी पेटीत दोन काचा पाठीला पाठ लावून बसवत. एक बाजू झाली की पेटी उलटायची. उलटायची विसरली की त्याच काचेवर दुसरा फोटो. लग्नाच्या गडबडीत हे हटकून होई.

काच मोबाईलच्या किंवा लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यापासून चार बोटं वर धरा आणि माणूस सोडून मागचं बघा. मागचे खांब, दारं, झाडं जोडीने दिसली, तर दोनदा उजेड पडलेला आहे. मागचं सगळं एकेरी आणि ठसठशीत, फक्त माणूस विरळ, तर तो फोटो चालू असताना आत आला किंवा उठून गेला. लहान मुलांचं असं फार होई. आणखी एक खूण: दुसरं चित्र पहिल्याच्या गडद भागात चांगलं दिसतं, उजळ भागात बुडून जातं. तुमचं जास्तीचं माणूस काळ्या कोटावर स्पष्ट आणि पांढऱ्या धोतरावर गायब असेल, तर शंका नको.

बनाव करणारे हेच जाणूनबुजून करत. आधी कापडात गुंडाळलेल्या माणसाचा अपुरा फोटो घेऊन काच तशीच, न धुता ठेवायची आणि गिऱ्हाईक आलं की तीच पेटीत घालायची. ममलरच्या काळात काच ओल्या कलोडियनची, म्हणजे चिकट रसायनाचा थर दिलेली असे. ती वापरून झाली की खरवडून परत वापरत, आणि नीट साफ झाली नाही तर आधीच्या माणसाची सावली नव्यावर उठे. खरी चूक आणि बनाव यांत तेव्हा सीमा पुसट होती, त्यामुळे पकडलं गेल्यावर 'साफ करताना राहिलं असेल' ही पळवाटही कायम खुली.

काचांची एक बाजू गुळगुळीत चकचकीत असते, दुसरी किंचित मंद. मंद बाजूवर चित्र आहे, तिला बोट लावू नका, कडाच धरा. पाण्याने धुऊ तर मुळीच नका, जुना जिलेटिनचा थर फुगून सुटतो. मऊ ब्रशने गुळगुळीत बाजूची धूळ झाडा. एकेक काच साध्या कागदी पाकिटात घालून डब्यात लांब कडेवर उभी ठेवा, एकावर एक रचू नका. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर पंधरवड्याला बदला. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं की आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी हमखास.

प्रश्न : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ॲप न वापरता भुताचा फोटो काढून दाखवायचा आहे. मोबाईलवर जमेल का? (चिपळूण)

जमेल. ब्रूस्टरचीच कृती करायची. मोबाईलमध्ये प्रो मोड हवा, ज्यात शटर आठ सेकंद उघडं ठेवता येतं. 'नाइट मोड' चालत नाही. तो एकाऐवजी अनेक छोटे फोटो घेऊन जुळवतो आणि हललेलं माणूस स्वतःच काढून टाकतो. त्या क्रियेचं तांत्रिक नाव डीगोस्टिंग, म्हणजे शब्दशः भूत उतरवणं! तुमचं भूत तुमचाच फोन उतरवतो.

जागा: मागे गिलावा नसलेली चिऱ्याची भिंत किंवा जुनं काळसर दार. चुन्याची पांढरी भिंत नको. भूत दिसतं म्हणजे त्याचा उजेड भिंतीच्या उजेडात मिसळतो. भिंत पांढरी असली तर ती भुताला खाऊन टाकते. म्हणून भूत पांढऱ्या साडीत आणि पार्श्वभूमी गडद.

खोली पूर्ण अंधारी करा. एकच झिरोचा बल्ब, अर्ध्या वॅटचा, भुताच्या बाजूला दीड मीटरवर आणि छातीच्या थोडा वर टांगा. मोबाईल ट्रायपॉडवर तीन मीटर लांब. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) १००, शटर ८ सेकंद, टायमर २ सेकंद. फोकस आधी ठरवून लॉक करा: भुताच्या जागेवर टॉर्च मारा, फोकस घ्या, टॉर्च बंद. हे विसरलात तर अंधारात मोबाईल फोकस शोधत राहतो आणि सगळंच धूसर येतं.

आता खुर्चीवर एक विद्यार्थी बसवा, डोकं भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला टेकवून. तो आठही सेकंद हलणार नाही. भूत त्याच्या मागे उभं. शटर उघडलं की तीन आकडे मोजा. मग दुसऱ्याने लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरायचा, मोबाईलला न लावता. त्या एक-दीड सेकंदात भूत चौकटीबाहेर पळतं. पुठ्ठा काढा, उरलेला वेळ रिकामी भिंत. पुठ्ठा वापरला नाही तर पळण्याची पांढरी रेघ राहते; काहींना तीच आवडते.

भूत फार जाड आलं तर तीनऐवजी दोन सेकंद. दिसलंच नाही तर चार. सगळा फोटो पांढरा पडला तर आयएसओ ५० किंवा बल्ब लांब, काळा पडला तर आयएसओ २००. मोठ्या कॅमेऱ्यावर लेन्सचं तोंड एफ ४ वर आणि आयएसओ ४०० पासून सुरुवात करा. बसलेला विद्यार्थीही अर्धा भूत झाला तर तो हसला असणार. पंखा बंद ठेवा, नाहीतर पदर विरघळतो.

बल्ब वर असल्यामुळे भुताचे पाय अंधारात जातील. तसेच जाऊ द्या. कोकणातल्या भुताची पावलं उलटी असतात, फोटोतल्या भुताला पावलंच नसतात. १८९१ मध्ये इंग्लंडच्या कॉम्बरमिअर ॲबीच्या ग्रंथालयात सुमारे तासभर शटर उघडं ठेवून काढलेला एक प्रसिद्ध फोटो आहे. त्यातही खुर्चीत डोकं, धड आणि हात दिसतो, पाय नाहीत. तासाभरात कोणी नोकर येऊन मिनिटभर टेकून गेला असेल, तर एवढंच उमटायचं.

एक सूचना. त्या तीन सेकंदांत भुताने मान किंचित हलवायची, चेहरा पुसट होतो. प्रदर्शनात कृती सांगण्याआधी दहा जणांना हा फोटो दाखवा आणि 'हे कोणासारखं वाटतं?' असं एकेका चिठ्ठीवर लिहून घ्या. एकमेकांना विचारू देऊ नका. मग चिठ्ठ्या फोटोशेजारी टाचा. खरा प्रयोग हा आहे, फोटो ही त्याची पूर्वतयारी.

प्रश्न : ॲपने घातलेलं भूत कसं ओळखावं? (गुहागर)

अशा ॲपमध्ये ठरावीक चित्रंच असतात. फोटो इंटरनेटवर चित्रशोधात टाका, तीच बाई केसांच्या त्याच बटेसकट दहा ठिकाणी सापडेल. सापडली नाही तर उजेड बघा: माणसांवर उजेड डावीकडून आणि भुतावर उजवीकडून असेल, किंवा फोटो दाणेदार आणि भूतच तेवढं गुळगुळीत असेल. व्हॉट्सॲपवर पाचदा फिरून आलेल्या फोटोत मात्र हे दाणे दाबले जातात, तिथे खात्रीने काही सांगता येत नाही. मूळ फाईल मागा. मूळ फाईल कोणाकडेच नसते, हीसुद्धा एक खूणच.

प्रश्न : एक गृहस्थ घरोघर फिरून आपल्या कॅमेऱ्याने फोटो काढतात, त्यात मुंजा किंवा हडळ दाखवतात आणि उताऱ्याचे पैसे मागतात. न दिल्यास घरात कोणी जाईल अशी भीती घालतात. काय करावं? (कणकवली)

हॅरी प्राइसचा धडा इथे कामाला येतो: साहित्य तुमचं असू द्या. त्यांना म्हणावं, आमच्या मोबाईलवर, आम्ही शटर दाबतो, तुम्ही नुसते उभे राहा. मुंजा तेव्हा येत नाही. पैसे मागितल्याचे मेसेज, फोटो, वेळ, तारीख जपून ठेवा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. चमत्काराच्या नावाखाली पैसे उकळणं, भुताची भीती घालून घबराट पसरवणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. देवळात गाऱ्हाणं घालणं किंवा राखणदाराला नारळ देणं याला हा कायदा हात लावत नाही, त्यामुळे गावकीचा विरोध होईल म्हणून गप्प बसू नका.

प्रश्न : आमच्या होमस्टेच्या सीसीटीव्हीत रात्री दोन वाजता पांढरी आकृती तरंगते. एका रात्री अर्धपारदर्शक माणूस चालत गेला. पाहुण्यांनी क्लिप फिरवली आणि बुकिंगं रद्द होऊ लागली. (दापोली)

ही दोन वेगळी भुतं आहेत.

पहिलं कोळ्याचं. रात्री कॅमेऱ्याभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात. उबेला आणि उजेडाला किडे येतात, किड्यांमागून कोळी. लेन्सपुढे बोटभर अंतरावर जाळ्याचा एक तंतू हलला तरी दिवे त्याला झगझगीत करतात आणि पडद्यावर पांढरा पदर तरंगतो. गणित वरच्या थेंबांचंच. किनाऱ्यावर त्यात मिठाची भर: काचेवर खारा थर असला की सगळीकडे धुकं पसरतं. आठवड्यातून एकदा काच गोड्या पाण्याच्या ओल्या कापडाने पुसा, मग मायक्रोफायबर. जाळं काढून उपयोग नाही, दुसऱ्या रात्री नवं असतं. कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे मेनूतून बंद करून वेगळा दिवा एक-दोन मीटर बाजूला लावला की किडे तिकडे जातात आणि जाळं उजळत नाही.

दुसरं भूत यंत्रातलं. अंधारात चित्र दाणेदार येतं, ते गुळगुळीत करायला कॅमेरा मागच्या अनेक चौकटींची सरासरी काढतो. मेनूत याला डीएनआर म्हणतात. सरासरीत स्थिर भिंत स्वच्छ होते, पण चालणारं माणूस भिंतीत मिसळतं आणि आरपार दिसतं. सोबत शटर संथ असेल तर मागे शेपूटही राहते. बहुतेक मेनूत डीएनआर ० ते १०० असतो, तो २०-३० वर आणा. शटर १/२५ सेकंदापेक्षा संथ होऊ देऊ नका. चित्र थोडं दाणेदार दिसेल, ते चालवून घ्या आणि उजेड वाढवा.

ही दुरुस्ती करण्याआधी एक काम करा. मूळ क्लिप डीव्हीआरमधून, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या डब्यातून, काढून ठेवा, मोबाईलने पडद्याचं शूटिंग नको. डीव्हीआर जुनं पुसत जातो. मग त्याच सेटिंगवर, त्याच वेळी, स्वतः त्या वाटेने चालून जा आणि दोन्ही क्लिप शेजारीशेजारी ठेवून पाहुण्यांना पाठवा. आणि हो, रात्री दोनला आवारातून खरंच कोण चालत गेलं, तेही बघा. आरपार दिसला तरी माणूस आला होता हे पक्कं.

प्रश्न : वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मुलीच्या लग्नाच्या फोटोत त्यांना जोडून घ्यावं असं आई म्हणते. काहींना हे अभद्र वाटतं. करावं का, आणि करायचं तर कसं? (सावंतवाडी)

आपल्याकडच्या स्टुडिओंत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. गेलेल्याचा फोटो ब्लेडने कापायचा, ग्रुप फोटोवर चिकटवायचा, कडा ब्रशने रंगवून बुजवायच्या आणि सगळ्याचा पुन्हा फोटो घ्यायचा. ममलर करत होता ते याहून फार वेगळं नव्हतं. फरक एवढाच की आपला स्टुडिओवाला 'जोडकाम' म्हणून पैसे घेई, 'तुमचे वडील येऊन उभे राहिले' असं म्हणून नाही. आईला हवं असेल तर जरूर करा.

वडिलांचा मूळ फोटो स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि टिफ फाईल ठेवा. मोबाईलने काढलात तर चकाकी येते आणि चेहरा किंचित ताणला जातो. बुरशीचे डाग आधी पुसायला जाऊ नका, स्कॅन झाल्यावर संगणकात काढा. अनेक फोटो असतील तर त्यातला देखणा निवडू नका, ज्यात उजेड लग्नाच्या फोटोच्या दिशेनेच पडलाय तो निवडा. जोडकाम फसतं ते नव्वद टक्के याच एका कारणाने. जागा मागच्या रांगेच्या टोकाला ठेवा, म्हणजे पाय आणि सावली दाखवावी लागत नाही. डोक्याचा आकार शेजारच्या काकांशी ताडून बघा. जुना फोटो जरा मऊ असेल तर त्याला धारदार करण्यापेक्षा वरून थोडे दाणे घाला.

एआयने 'स्पष्ट' करून घेताना जपा. लहान, धूसर चेहऱ्यात जे नाहीच ते यंत्र स्वतःच्या मनाने भरतं: दुसऱ्याच कोणाचे डोळे, सरळ दात. तीळ, भुवईवरचा व्रण, पुढचा तिरपा दात जागेवर आहेत का, हे ज्यांनी वडिलांना रोज पाहिलंय अशा दोघांकडून वेगवेगळं तपासून घ्या. आईला एकटीला विचारू नका. ती ओळखेलच.

मूळ फोटो आणि जोडलेला, दोन्ही वेगळ्या नावाने ठेवा. चकचकीत प्रिंटच्या मागे पेन्सिल उठत नाही आणि बॉलपेनची रेघ पुढे उमटते, म्हणून कागदी पाकिटावर लिहा: लग्न कधीचं, वडील कोणत्या सालच्या फोटोतून घेतले, जोडकाम कोणी केलं.